पावसाळा लागला की ट्युब्युलर पिक सेटिंग का सोडतो?

जून लागला की हा प्रश्न हमखास येतो, आणि विचारणारा अलिबाग ते वेंगुर्ला या पट्ट्यातलाच कुणीतरी असतो. ट्युब्युलर पिक म्हणजे गोल चावीचं कुलूप चावीशिवाय उघडायचं, सरकत्या सुयांचं नळीसारखं साधन; सुया आपापल्या पिनच्या खोलीवर थांबल्या की ते त्याचं सेटिंग. एप्रिल-मेमध्ये मस्त चालणारा हा पिक मृगाच्या दोन-चार सरी पडल्या की रुसतो. कुणाच्या सगळ्या सुया मागे सरकून येतात, सेटिंग म्हणून काही उरतच नाही. कुणाच्या दोन-तीन सुया जागच्या हलत नाहीत. कुणाचं कुलूप एक घर, म्हणजे एका पिनच्या जागेपुरतं, फिरतं आणि तिथेच ठप्प होतं. मग रबर बदलायचं, तेल सोडायचं, आठवडाभर बरं चालतं, की पुन्हा तेच रडगाणं. घाटावरच्या दोस्तांना विचारलं तर ते सांगतात, "रबर बदल." त्यांच्याकडे तेवढ्याने भागतं. आपल्याकडे भागत नाही.

कारण हा पिक तीन जोरांच्या हिशेबावर चालतो, आणि खारी दमट हवा त्यातले तिन्ही एकदम बदलते. रबर हा त्या हिशेबातला एकच आकडा. म्हणून माझं मत असं, की किनाऱ्यावर राहणाऱ्याने पिक बनवताना सुईचं घर्षण बाहेरून कमी-जास्त करता येईल आणि आकड्यात मोजता येईल अशी सोय आधी करावी. बाकी नक्षीकाम नंतर.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट. हे सगळं स्वतःच्या मालकीच्या आणि वापरात नसलेल्या कुलपांसाठी आहे. दुसऱ्याचं कुलूप नको, आणि स्वतःचंसुद्धा जे रोज दाराला किंवा गल्ल्याला लागतं ते नको. सराव करताना पिन अडकली तर घर उघडायला माणूस बोलवावा लागेल. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम १२२ नुसार सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात घरफोडीचं हत्यार सबळ कारणाशिवाय जवळ सापडणं हा गुन्हा आहे. कारण पटवून देण्याची जबाबदारी आपल्यावर. तेव्हा पिक घरातल्या टेबलावरच बरा, रात्रीच्या एसटीत बॅगेतून फिरवायची वस्तू नव्हे.

आत काय चालतं

गोल चावीच्या कुलपात पिना मधल्या दांड्याभोवती गोलाकार, कुलपाच्या लांबीच्या दिशेने बसवलेल्या असतात. बहुधा सात, काहींत आठ. शिकागो लॉक कंपनीने १९३३ मध्ये 'एस' (Ace) नावाने हे कुलूप बाजारात आणलं, आणि आज आपल्याकडे शोकेसच्या काचेला, गल्ल्याला, जुन्या कॉम्प्युटरच्या डब्याला, दुचाकीच्या डिस्क लॉकला जी गोल चावी दिसते ती त्याच कुळातली.

प्रत्येक घरात पुढे चावीची पिन, तिच्या पाठीला ड्रायव्हर पिन, आणि सगळ्यांत मागे स्प्रिंग. पुढचा भाग फिरतो, मागचा स्थिर. दोघांच्या मधली सीमा म्हणजे शीअर लाइन. चावी आत दाबली की प्रत्येक पिन आपापल्या खोलीपर्यंत जाते, सगळ्या जोड्यांचा सांधा शीअर लाइनवर येतो आणि पुढचा भाग मोकळा होतो.

पिकमध्ये चावीच्या खाचांच्या जागी सरकत्या सुया असतात. नळीच्या बाहेरच्या अंगाला लांब चरे, प्रत्येक चऱ्यात एक सुई, वरून रबराची रिंग. सुरुवातीला सगळ्या सुया नळीच्या तोंडाशी समतल आणायच्या, पिक आत दाबायचा आणि अगदी हलका पीळ द्यायचा. सुई पिनला आत ढकलते. ड्रायव्हर शीअर लाइनच्या पलीकडे गेला की पिळामुळे पुढचा भाग केसभर फिरतो आणि चावीच्या पिनची पाठ मागच्या भागाच्या कडेवर टेकते. आता पिन पुढे जाऊ शकत नाही, म्हणून पिक आणखी दाबला की सुईच चऱ्यात मागे सरकते. सातही सुया अशा आपापल्या खोलीवर थांबल्या की पिक चावीचं काम करू लागतो.

इथे तिन्ही जोर आले. स्प्रिंगचा जोर, सुईचं चऱ्यातलं घर्षण आणि कडेचा अडथळा. घर्षण स्प्रिंगपेक्षा जास्त हवं, नाहीतर पिन आत जायच्याऐवजी सुईच मागे येईल. आणि कडेच्या अडथळ्यापेक्षा ते बरंच कमी हवं, नाहीतर पीळ धरायच्या आत पिन शीअर लाइन ओलांडून खोल जाईल. या दोन हद्दींच्या मधली जागा फार मोठी नाही. कोकणातला पावसाळा ती आणखी अरुंद करतो.

हा सगळा खटाटोप जुना आहे. जोसेफ ब्रामाने १७८४ मध्ये पेटंट घेतलेल्या कुलपाची चावीही नळीच होती, टोकाला खाचा असलेली. लंडनच्या पिकॅडिलीतल्या दुकानाच्या खिडकीत ते कुलूप मांडून उघडणाऱ्याला २०० गिनींचं बक्षीस लावलं होतं. १८५१ मध्ये ए. सी. हॉब्ज या अमेरिकन कारागिराने ते उघडलं, १६ दिवसांत मिळून ५१ तास लावून. त्याने पहिलं काम काय केलं, तर आतल्या दणकट स्प्रिंगचा जोर एका पक्क्या बसवलेल्या साधनाने कायमचा दाबून ठेवला, म्हणजे बोटाला फक्त सरकत्या पट्ट्यांचा अंदाज लागेल. स्प्रिंगचा जोर आणि पट्टीचा अडथळा यांची गल्लत होऊ द्यायची नाही, एवढं एक त्याच्याकडून घेण्यासारखं आहे. २००४ मध्ये अमेरिकेत सायकलची महागडी कुलपं बॉलपेनच्या नळीने उघडल्याचा गाजावाजा झाला, तिथेही तत्त्व हेच. फक्त सुयांचं काम मऊ प्लास्टिक दबून करत होतं.

आधी ठरवा: दुखणं पिकचं की कुलपाचं

बहुतेक जण हे ठरवतच नाहीत. सरळ पिक खोलतात.

ज्या कुलपाची चावी तुमच्याकडे आहे असंच कुलूप तपासायला घ्या. चावी घाला आणि फिरवा. चावीलाच कचकच लागत असेल, चावी पूर्ण आत जायला ढकलावी लागत असेल, किंवा चावी काढल्यावर एखादी पिन वर न येता आतच राहत असेल, तर पिकला हात लावू नका. कुलूप धुवायला झालंय.

चावी लोण्यासारखी फिरली, तर आता पिकने एकदा प्रयत्न करा आणि अडकला त्या अवस्थेतच, सुयांना बोट न लावता, सरळ बाहेर काढा (फिरलेला असेल तर आधी मूळ जागी आणून). व्हर्नियर कॅलिपरच्या शेपटीकडची बारीक दांडी खोली मोजायलाच असते. तिने चावीच्या प्रत्येक खाचेची खोली मोजा आणि पिकमधली तिच्या जोडीची सुई नळीच्या तोंडापासून किती आत आहे तेही मोजा. खूण म्हणून बाहेरची जीभ, म्हणजे कुलपाच्या खाचेत बसणारा नळीवरचा उंचवटा, पकडा, म्हणजे क्रम चुकणार नाही. दोन्ही रांगा कागदावर शेजारी लिहिल्या की दुखणं समोर दिसतं.

सुया खाचांपेक्षा जास्त आत गेल्या असतील, तर घर्षण कमी पडलं आणि स्प्रिंगने त्यांना मागे रेटलं. रबर सैल झालं असेल किंवा चऱ्यात तेल साचलं असेल. सुया पुरेशा मागे आल्याच नसतील, तर घर्षण जास्त झालं आणि पिना खोल ढकलल्या गेल्या. बहुतेक सुया बरोबर आणि एक-दोनच भरकटलेल्या असतील, तर त्या चऱ्यांत गंज किंवा लेथची कुस, म्हणजे धातू कापताना उरलेली खरखरीत कड, राहिली आहे. सगळं जवळपास बरोबर असूनही कुलूप एक घर फिरून अडकत असेल, तर गोष्ट निराळी. तिच्याकडे नंतर येतो.

आकडे काहीच जुळत नसतील तर आधी माप बघा. बाजारात तयार पिक ७.०, ७.५ आणि ७.८ मिलिमीटरचे मिळतात. ७.५ चा पिक ७.८ च्या कुलपात जातो, पण आत डुलतो आणि सुया पिनांच्या मधोमध टेकत नाहीत. या डुलण्याचा दोष पावसावर टाकू नये.

वजनकाट्यावर घर्षण

स्वयंपाकघरात एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल काटा असतो, तो पुरतो. एक सुई नळीच्या तोंडाबाहेर थोडी काढा, पिक उभा धरा आणि तेवढी एकच सुई काट्याच्या ताटलीवर टेकवून हळूहळू दाबा. सुई सरकायला लागते त्या क्षणी काट्यावर जो आकडा असेल ते तिचं घर्षण. सगळ्या सुयांचं असंच करा. मग कुलूप तोंड वर करून काट्यावर ठेवा, काटा शून्यावर आणा आणि बोथट टोकाच्या तारेने एक-एक पिन निम्म्यापर्यंत दाबून आकडा बघा. तो स्प्रिंगचा जोर.

सुईचा आकडा स्प्रिंगपेक्षा स्पष्ट जास्त पण दुपटीच्या आत ठेवला की मला बरं जमतं. प्रत्येक कुलपाची चव वेगळी, तेव्हा हा आकडा सुरुवातीपुरता धरा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे सगळ्या सुयांचे आकडे एकमेकांच्या जवळ असणं. एक सुई दुसरीच्या दुप्पट घट्ट असेल तर कुठलंही रबर लावा, एकीला जमलं की दुसरीचं बिघडणार.

ही मोजणी मेच्या अखेरीस एकदा आणि आषाढात एकदा करून बघा. आकडे किती पसरतात ते पाहिल्यावर पुढचं सगळं आपोआप पटेल.

मीठ नेमकं काय करतं

माझं घर मालवणात, दांडी किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर. खिडकीच्या गजांवरून बोट फिरवलं तर वाऱ्याच्या दिवसात जिभेला खारट लागतं. तोच थर टेबलावरच्या पिकवरही बसतो, फक्त दिसत नाही.

साधं मीठ हवेतली सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास गेली की स्वतःच पाणी ओढून विरघळतं. पावसाळ्यात आपल्याकडे हवा दिवसरात्र त्याच्या वरच असते. शिवाय समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं आणि ते तर ३३ टक्क्यांच्या पुढेच ओलं होतं, म्हणजे आपल्या हवेत ते जवळपास कधीच पूर्ण सुकत नाही. एकदा मीठ बसलेला पिक कोरडा दिसला तरी चऱ्यांत खाऱ्या पाण्याचा पातळ पापुद्रा धरून असतो.

त्यात नळी पितळेची आणि सुया साध्या पोलादाच्या असतील तर खाऱ्या पाण्यातून त्या दोघांची बॅटरी तयार होते आणि त्यात पोलाद खाल्लं जातं. पियानो वायरच्या सुया म्हणूनच पहिल्याच पावसात तांबूस होतात. गंजाला मूळ धातूपेक्षा जास्त जागा लागते, म्हणून चऱ्यात नीट बसणारी सुई फुगून अडकते. काट्यावर ती लगेच कळते.

कुलपातही हेच. पिना पितळेच्या असतात, त्या हिरव्या पडतात पण तग धरतात. स्प्रिंग पोलादी असेल तर ती बारीक होत जाते आणि तिचा जोर उतरतो, उलट घर गंजाने खरखरीत झाल्यामुळे पिन जड सरकते. मेमध्ये लावलेला हिशेब ऑगस्टमध्ये लागू होत नाही तो यामुळे.

तेल, पेन्सिल आणि खोबरेल

कुडाळच्या एमआयडीसीत लेथ चालवणारे एक तात्या आहेत, माझ्या नळ्यांचं काम त्यांच्याकडेच असतं. मी तेलाचा डबा उचलला की ते म्हणतात, "मेल्या, तेल कित्याक ओततंस? आधी मीठ तरी धुवन काढ." अगदी खरं. मिठावर तेल सोडलं की मीठ तेलाखाली जागच्या जागी राहतं, वर धूळ चिकटते आणि चऱ्यांत राखाडी चिखल होतो.

कुलपात पेन्सिलीचं शिसं घासून टाकायची घरोघरची रीत घाटावर ठीक आहे. किनाऱ्यावर नको. शिसं म्हणजे ग्रॅफाइट, आणि खाऱ्या ओलीत ग्रॅफाइट पोलादाच्या, अगदी स्टेनलेसच्याही, गंजाला हातभार लावतं.

खोबरेल तर आपल्या घरात कायमचं हाताशी. पण ते साधारण २४ अंशांखाली थिजतं. पौषातल्या पहाटे कपाटातली बाटली गोठलेली असते ना, तेच कुलपाच्या आत होतं; दुपारी उघडणारं कुलूप सकाळी उघडत नाही आणि माणूस पिकला शिव्या देतो. शेंगदाणा किंवा करडईचं तेल त्याहून वाईट, ते काही महिन्यांत चिकट होतं.

माझा क्रम असा. कुलूप किंवा पिक आधी गोड्या पाण्यात बुडवून हलवायचा, पाणी दोन-तीनदा बदलायचं. विहिरीचं पाणी मचूळ असेल तर आरओचं घ्या. पाणी झटकून लगेच आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवायचं. मोबाइल दुरुस्तीवाले त्याला आयपीए म्हणतात आणि तालुक्याच्या गावी त्यांच्याकडे सहज मिळतं. ते उरलेलं पाणी ओढून घेतं. चटकन पेटतं, म्हणून गॅसपासून लांब, खिडकी उघडी ठेवून. वाळल्यावर कुलपाच्या पिनांत टेफ्लॉनच्या कोरड्या वंगणाचा एक फवारा. पिकच्या चऱ्यांत काहीच नाही. चऱ्यात वंगण घातलं की घर्षण पार उतरतं आणि आपल्याला नेमकं ते घर्षणच हवं आहे. सुया स्टेनलेस असतील तर तेलाची गरज नाही. पियानो वायरच्याच असतील तर ठेवताना तेलाचा पुसट हात द्या आणि वापरायच्या आधी आयपीएने पुसून टाका.

रबर

दुकानातलं लाल-पिवळं रबरबँड साध्या नैसर्गिक रबराचं असतं. ते खनिज तेलात फुगून ढिलं पडतं. शिवाय तांबं नैसर्गिक रबराचं वैरी आहे. पितळेच्या नळीवर गुंडाळलेलं रबरबँड काही दिवसांत खाली चिकट होतं आणि वर तडकतं. दर आठ दिवसांनी रबर बदलावं लागतंय अशी तक्रार येते तेव्हा मी आधी नळी कशाची ते विचारतो.

नायट्राइल या कृत्रिम रबराची ओ-रिंग, म्हणजे गोल कडी, घ्या. पंप दुरुस्तीच्या किंवा दुचाकीच्या स्पेअर पार्ट्सच्या दुकानात मिळते, काळी असते, तेलाला दाद देत नाही. नुसती काळी म्हणून घेऊ नका, ईपीडीएम या दुसऱ्या कृत्रिम रबराचीही काळीच असते आणि ती तेलात फुगते. दुकानदाराला माहीत नसेल तर तुकडा डिझेलमध्ये रात्रभर ठेवा, फुगली तर आपली नव्हे.

नव्याने बनवायचा असेल तर

सुयांसाठी स्टेनलेस स्प्रिंगची तार किंवा पट्टी. काही गाड्यांच्या वायपर ब्लेडमधल्या पट्ट्या स्टेनलेसच्या असतात, भंगारात मिळतात, जाडी सारखी असते. स्टेनलेसच्या ३०४ ग्रेडवर खाऱ्या हवेत तपकिरी ठिपके येतात, ३१६ मध्ये दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असल्यामुळे ती जास्त टिकते. मात्र पिक डब्यात राहणार असेल आणि पुसला जाणार असेल तर ३०४ वर भागतं, ३१६ साठी कोल्हापूरच्या खेपा घालण्यात अर्थ नाही. नळी शक्यतो स्टेनलेस. पितळ कापायला मऊ, चरे सुबक पडतात हे खरं, आणि स्टेनलेस सुयांबरोबर पितळ फारसं भांडतही नाही, पण वर सांगितलेली रबराची भानगड राहतेच. ॲल्युमिनियम नको, स्टेनलेसच्या शेजारी खाऱ्या ओलीत तेच झिजतं आणि चऱ्यांत पांढरी पूड साचते.

चरे कापून झाले की कुस काढणं हे खरं काम. तात्या चऱ्याच्या कडेवर अंगठ्याचं नख आडवं ओढून बघतात. नख जिथे अडलं तिथे सुईही अडणार. बारीक एमरी पेपर जुन्या ब्लेडच्या पाठीवर दुमडून तेवढ्या जागी चऱ्याच्या लांबीच्या दिशेने फिरवायचा, आडवा कधीच नाही, कारण आडव्या ओरखड्यांवर सुई टप्प्याटप्प्याने सरकते आणि काट्यावरचा आकडा उड्या मारतो. सुईच्या कडाही तशाच हाताने मारून घ्याव्या लागतात. नळीच्या सगळ्या चऱ्यांना असं करायला दुपार जाते. जाऊ द्या.

ओ-रिंगवर एक बाहेरून फिरणारा नट हवा, आतून किंचित निमुळता. नट आवळला की ओ-रिंग दबते आणि सगळ्या सुयांचं घर्षण एकदम वाढतं, सैल केला की उतरतं. नटवर आणि नळीवर खुणा कोरा, म्हणजे कुठल्या कुलपाला नट कुठल्या खुणेवर हे वहीत लिहिता येतं. हवा बदलली की काट्यावर एक सुई तपासायची आणि नट थोडा फिरवायचा. ज्यांच्या पिकला ही सोय आहे त्यांचे जूनमधले प्रश्न मला क्वचितच येतात. ज्यांच्याकडे नुसतं रबर आहे त्यांचे दरवर्षी येतात.

एक घर फिरून अडकतं ते

मघाशी बाजूला ठेवलेली गोष्ट. पुढचा भाग फिरून पिना पुढच्या घरातल्या ड्रायव्हरांसमोर आल्या की तिथल्या स्प्रिंगा त्यांना पुढे रेटायला बसलेल्याच असतात. चावीच्या पिनेची पाठ शीअर लाइनशी समतल असेल तर ड्रायव्हरला आत शिरायला जागाच नसते. ती पाठ जराशी पुढे सरकलेली असेल तर ड्रायव्हर त्या फटीत डोकावतो आणि कुलूप बंद. एक-एक पिन तारेने लावणाऱ्यांना म्हणूनच प्रत्येक घराला सगळं पुन्हा करावं लागतं, आणि सुया धरून ठेवणारा पिक करायचा तो ते वाचवायलाच.

तेव्हा पहिल्या घरात जमलं आणि दुसऱ्यात अडकलं, याचा अर्थ फिरवताना सुया सरकल्या. बहुतेक वेळा कारण असं, की पीळ जिभेवर न येता सुयांवर येतो. जीभ नळीला नंतर चिकटवलेली असेल, किंवा कुलपाच्या खाचेत ढिली असेल, तर पिक फिरवताना आधी सुया वाकतात. जीभ नळीच्याच धातूतून कोरलेली हवी आणि खाचेत घट्ट बसायला हवी. दुसरा उपाय म्हणजे सगळ्या सुया लागल्यावर, फिरवायच्या आधी, नट पूर्ण आवळून घेणं. त्यानंतर घर्षण कितीही वाढलं तरी चालतं, सेटिंग झालेलंच असतं.

अर्ध्यात अडकल्यावर पिक ओढून काढायला जाऊ नका. जीभ खाचेच्या बाहेर फिरलेली असते, ती मूळ जागी आणल्याशिवाय सुटत नाही. ओढाताण केली की सुया वाकतात आणि नवीन पट्ट्या घासत बसावं लागतं.

ठेवणं

हवाबंद डबा आणि सिलिका जेल. तांदूळ नको, तो आपल्या हवेत स्वतःच ओलसर असतो. निळ्या दाण्यांत कोबाल्ट क्लोराइड असतं, ते स्वयंपाकघरात भाजायचं नाही. नारंगी दाणे मिळतात ते घ्या आणि रंग गेला की १२० अंशांच्या आसपास तापवून परत वापरा. पिक डब्यात टाकायच्या आधी धुतलेला हवा, मीठ आत कोंडलं तर डब्याचा उपयोग नाही.

इतकं करूनही एकच पिन त्रास देत असेल तर

अशी कुलपं असतात. उघडू नये म्हणून काही घरांत मुद्दाम जास्त ताठ स्प्रिंग घातलेली असते, किंवा ड्रायव्हरला कंबर दिलेली असते, म्हणजे पिन लागल्याचा खोटा भास होतो. धुतलेल्या कुलपावर काट्याने सगळ्या पिना मोजल्या की ताठ स्प्रिंगचं घर लगेच सापडतं, तिथला आकडा बाकीच्यांहून स्पष्ट वर असतो. कुलूप न धुता मोजलं तर गंजलेलं घरही तसंच दिसेल, म्हणून आधी धुणं.

त्या घरासमोरची सुई बाहेर काढा आणि ओ-रिंगखाली येणाऱ्या भागात तिला अगदी नजरेला जेमतेम कळेल एवढा बाक द्या. चऱ्यात ती दोन्ही बाजूंना टेकते आणि तिचं एकटीचं घर्षण वाढतं, नट न हलवता. जास्त झालं तर सपाट हातोडीने हलकेच सरळ करून पुन्हा काट्यावर. या सुईच्या शेपटीवर खूण करा, कारण पुढच्या वेळी पिक धुवायला सुया काढल्या की ती दुसऱ्या चऱ्यात जाण्याची भीती असते, आणि तिचा आकडा वहीत वेगळा लिहा, म्हणजे ओ-रिंग बदलली तरी तिला त्याच आकड्यावर आणता येईल.